बर्फ पडेल हो, पण साचेल का?

६ मार्च २०१३ च्या सकाळी वॉशिंग्टन शहर घरातच बसून होते. केंद्र सरकारची कार्यालये बंद, शाळा बंद, मीठ टाकणारे ट्रक सज्ज आणि दुकानांतले दूध, ब्रेड, अंडी आदल्या संध्याकाळीच संपलेली. येणाऱ्या वादळाचे लोकांनी बारसेही उरकले होते: ‘स्नोक्वेस्टर’. सरकारी खर्चाला सरसकट कात्री लावणारा ‘सीक्वेस्टर’ पाचच दिवसांपूर्वी लागू झाला होता, त्यावरची ही कोटी. शहरात पाच ते दहा इंच बर्फ साचेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात पाऊस पडला. मधूनमधून पांढरे काहीतरी तरंगत खाली यायचे आणि डांबराला टेकताच पाणी होऊन जायचे. शहराची अधिकृत नोंद पोटोमॅक नदीकाठच्या रेगन विमानतळावर होते. तिथे दिवसाअखेर आकडा लागला तो ०.२ इंचाचा.

वादळ आलेच नाही, असे मात्र मुळीच नव्हते. पश्चिमेला ब्लू रिजच्या डोंगरांत, शहरापासून गाडीने दोन-तीन तासांवर, फूटभराहून अधिक बर्फ पडला, काही ठिकाणी तर दोन फुटांपर्यंत. वादळाची वेळ बरोबर होती, मार्ग साधारण बरोबर होता, त्यातला ओलावाही अंदाजाइतकाच होता. चुकला तो पारा, आणि तोही एक-दोन अंशांनी.

दुसऱ्या दिवशी हवामानवाल्यांची यथेच्छ टिंगल झाली. सुट्टी मिळालेले सरकारी बाबूही त्यात मागे नव्हते. पण ही टिंगल चुकीच्या जागी लागली. त्या एक-दोन अंशांचा हिशेब आदल्या दिवशी कुणालाच खात्रीने मांडता आला नसता. तो मांडता येतो असे भासवून ‘पाच ते दहा’ हा आकडा लोकांच्या हाती ठेवला, खरा दोष तिथे आहे. काठावरच्या वादळात ‘साचेल की नाही’ हा वाद हाच त्या दिवसाचा प्रामाणिक अंदाज असतो. वाद मिटवून एक आकडा काढला की अंदाज खोटा होऊ लागतो.

वाद इतका चिवट का, हे समजायला नकाशा पाहावा लागतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वॉशिंग्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि बॉस्टन ही शहरे ‘आय-९५’ या महामार्गावर एकापुढे एक ओवलेली आहेत. पूर्वेला अटलांटिक, ज्याचे पाणी ऐन फेब्रुवारीतही चार-पाच अंशांवर असते. पश्चिमेला ॲपलेशियन डोंगर, ज्यांच्या पूर्व उताराशी उत्तरेकडून आलेली थंड, जड हवा अडकून बसते. किनाऱ्याला धरून वर सरकणारी ‘नॉरईस्टर’ वादळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे त्यांच्या पुढच्या बाजूचा वारा समुद्रावरून शहरांत शिरतो. वादळाचे केंद्र किनाऱ्याला चिकटून गेले तर समुद्राची ऊब आत येते आणि पाऊस पडतो. फार लांबून गेले तर थंडी टिकते, पण ओलावा पोचत नाही. मधल्या पट्ट्यात दोन्ही जमून येते. हा पट्टा कधीकधी वीस-तीस मैलांइतका अरुंद असतो आणि नेमका महामार्गाच्या आसपास पडतो. कोट्यवधी माणसांनी वस्ती केली ती पाऊस आणि बर्फ यांच्या बांधावर.

आता एकाच हिमकणाचा प्रवास पाहा. हिवाळ्यातला इथला बहुतेक पाऊस वर ढगात बर्फ म्हणूनच जन्माला येतो. प्रश्न असतो खाली येतानाच्या शेवटच्या हजार-दीड हजार मीटरचा. त्या वाटेत शून्याच्या जरासा वरचा, काहीशे मीटर जाडीचा हवेचा थर लागला की कणाच्या कडा वितळू लागतात, ओले कण एकमेकांना चिकटतात आणि नाण्याएवढे लठ्ठ गोळे होऊन खाली येतात. असे मोठे, आळशी कण दिसले की मुले नाचतात आणि अनुभवी माणूस ओळखतो, की वर हवा उबदार आहे आणि कोणत्याही क्षणी पाऊस सुरू होईल.

किंवा उलटेही होईल, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती कण भोवतालच्या हवेतून घेतो, म्हणजे वितळताना तो हवेला थंड करत जातो. वर्षाव जोरदार असेल तर लाखो कण मिळून तो उबदार थर शून्यावर आणून ठेवतात. मग मागून येणारे कण न वितळता जमिनीपर्यंत पोचतात आणि धो-धो पावसाचे तासाभरात दाट हिमवृष्टीत रूपांतर होते. वर्षाव रिमझिम असेल तर ही थंडी तयारच होत नाही. थोडक्यात, तापमान किती राहील हे वर्षाव किती जोरात होईल यावर ठरते, आणि जोराचा नेमका पट्टा कुठून जाईल हे काही तास आधीपर्यंत सांगता येत नाही. हवा कोरडी असेल तर आणखी एक खेळ होतो. पडणाऱ्या थेंबांचे बाष्पीभवन होऊन पारा उतरतो. म्हणूनच जाणकार साध्या तापमानापेक्षा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा विचारतात. तीन अंशांची कोरडी हवा बर्फाला आसरा देऊ शकते. एका अंशाची दमट हवा तो नाकारू शकते.

एवढे होऊन कण जमिनीवर पोचला, तरी साचेल का? गवतावर साचेल, डांबरावर नाही. रात्री साचेल, दुपारी नाही. ६ मार्चचा सूर्य ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या सूर्याइतका वर असतो. ढगांआडूनही तो रस्ता तापवत राहतो. ताशी इंचभर वेगाने पडणारा बर्फ या उबेवर मात करतो, ताशी पाव इंचाने पडणारा हरतो. रस्त्यावर आधीच फवारायचे मिठाचे पाणीही काठावरच्या वादळात दगा देते: सुरुवात पावसाने झाली तर ते गटारात वाहून जाते आणि बर्फ सुरू होईपर्यंत रस्ता पुन्हा उघडा पडतो.

ढोबळ हिशेब असा, की एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ होतो. ओल्या, जड बर्फाचा पाच-सहा इंचच होतो, कडाक्याच्या थंडीतल्या भुसभुशीत बर्फाचा पंधरा-वीसही. म्हणजे तेवढ्याच पाण्यातून शून्य इंच, पाच इंच किंवा दहा इंच, आणि तिन्हींत फरक तापमानाच्या एखाद-दुसऱ्या अंशाचा. तरीही वादळाच्या चार दिवस आधीपासून गुलाबी-जांभळे नकाशे फोनवर फिरू लागतात. त्यातले पुष्कळसे सरळ दहाचा गुणाकार करून काढलेले असतात, आणि त्यात स्लीट, म्हणजे बर्फाचे बारीक खडेही, बर्फ म्हणूनच मोजलेले असतात. हवामानवेड्यांची मग चंगळ होते. युरोपीय संगणकी मॉडेल काय म्हणते, अमेरिकी ‘जीएफएस’ हे मॉडेल काय म्हणते, मध्यरात्रीच्या गणितात वादळ किती मैल सरकले, यावर रात्र जागवली जाते. ज्या मॉडेलमध्ये बर्फ जास्त ते मॉडेल जास्त विश्वासार्ह, हा त्यातला एक अलिखित नियम. पण या मंडळींना हसताना एक गोष्ट मान्य करावी लागते. ती निदान वाद घालतात. वर कुठे ऊब आहे, वारा कुठल्या बाजूचा आहे, वर्षाव रात्री की दिवसा, हे प्रश्न तरी विचारतात. टीव्हीच्या पडद्यावर यातले काहीच दिसत नाही. तिथे दिसतो आकडा, मोठ्या अक्षरांत.

आकड्याची हाव काय करते, याचे ठळक उदाहरण २०१५ च्या जानेवारीतले. २६-२७ तारखेच्या वादळात न्यूयॉर्कला दोन फुटांच्या आसपास बर्फ पडेल, असे राष्ट्रीय हवामान सेवेने सांगितले. महापौर बिल डी ब्लासिओ शहराच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे हिमवादळ ठरू शकेल, असे बोलून बसले. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी बर्फासाठी भुयारी रेल्वे बंद केली. शतकाहून जुन्या या रेल्वेच्या आयुष्यात असे पहिल्यांदाच घडले. वादळ थोडे पूर्वेला सरकले. लाँग आयलंडच्या पूर्व भागाने आणि मॅसॅच्युसेट्सने दोन फूट आणि त्याहून जास्त बर्फ पाहिला. वूस्टर शहरात ३४.५ इंच पडला. सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच. फिलाडेल्फियाची अवस्था तर त्याहून केविलवाणी, तिथे जेमतेम इंचभर. फिलाडेल्फियाचा अंदाज देणाऱ्या हवामान सेवेच्या माउंट हॉली कार्यालयाचे प्रमुख गॅरी शॅटकोव्स्की यांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली. सरकारी हवामान अधिकाऱ्याने अशी माफी मागणे दुर्मीळच, आणि त्यांच्या प्रांजळपणाचे कौतुकही झाले.

इथे एक बारीक धडा दडलेला होता. २०१२ मध्ये ‘सँडी’ चक्रीवादळाचा मार्ग युरोपीय मॉडेलने बरेच दिवस आधी हेरला होता, अमेरिकी मॉडेल मागे पडले होते. तेव्हापासून युरोपीय मॉडेलचा दरारा वाढला. २०१५ मध्ये तेच मॉडेल न्यूयॉर्कवर मोठा बर्फ दाखवत राहिले आणि नुकतेच सुधारलेले ‘जीएफएस’ कमी दाखवत होते. भरवसा ठेवला गेला तो मागच्या परीक्षेत पहिल्या आलेल्यावर. दोन चांगल्या मॉडेलांत मतभेद आहे, हीच त्या दिवशीची सर्वांत मोलाची माहिती होती. लोकांपर्यंत ती पोचली, पण आकड्याच्या मागे, बारीक अक्षरांत.

यापेक्षा अधिक आक्षेपार्ह प्रकार १४ मार्च २०१७ च्या वादळात झाला. न्यूयॉर्कसाठी अंदाज होता फूटभराहून अधिक बर्फाचा. आदल्या दुपारपर्यंत हाती आलेल्या माहितीवरून किनाऱ्यालगत बर्फात स्लीट मिसळेल आणि आकडा बराच खाली येईल, असे दिसू लागले होते. हवामान सेवेच्या अधिकाऱ्यांनी आपापसांत चर्चा केली आणि आकडा मोठाच ठेवला. ऐनवेळी आकडा घसरला तर लोक गोंधळतील, धोका टळला समजून बाहेर पडतील, असा त्यामागचा विचार. हे नंतर त्यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितले. शहरात साडेसात इंचांच्या आसपास बर्फ आणि त्यावर खड्यांचा थर पडला.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. खड्यांनी माखलेला रस्ता मऊ बर्फापेक्षा घातक असतो, हेही खरे. तरीही हा निर्णय चूकच होता. हवामान सेवेने आपल्याला माहीत असलेले सांगायचे असते. लोकांनी काय करावे हे डोळ्यांपुढे ठेवून आकडा बेतायचा नसतो. एकदा लोकांना कळले, की आकड्यात थोडी ‘काळजी’ मिसळलेली असते, की पुढच्या वेळी ते स्वतःच्या मनाने ती वजा करू लागतात. भाजीवाल्याने भाव चढवून सांगायचा आणि गिऱ्हाइकाने तो निम्म्यावर आणायचा, तसा हा व्यवहार होऊन बसतो.

आणि आकडा उलट्या बाजूने अंगाशी येण्याचा दिवस फार लांब नव्हता. १५ नोव्हेंबर २०१८. महिना बर्फाचा नव्हे, झाडांवर अजून पाने होती. न्यूयॉर्कसाठी अंदाज होता इंच-दोन इंचांचा, नंतर पाऊस. पण वर्षाव दुपारी भरात आला तो अपेक्षेपेक्षा जोरदार, खालची थंड हवा वाटले त्यापेक्षा चिवट निघाली आणि पावसात बदल व्हायला उशीर झाला. सेंट्रल पार्कमध्ये ६.४ इंच. नोव्हेंबरच्या एका दिवसात एवढा बर्फ तिथे १८८२ नंतर पडला नव्हता. पानांवर बर्फ साठून फांद्या रस्त्यांत कोसळल्या. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर वाहने अडकली. न्यू जर्सीला जाणाऱ्या बसच्या मुख्य स्थानकात, पोर्ट ऑथॉरिटीत, पाय ठेवायला जागा उरली नाही. एडिसन-जर्सी सिटी पट्ट्यातून मॅनहॅटनला नोकरीला जाणाऱ्या भारतीयांची, त्यात मराठी घरांचीही, संख्या मोठी आहे. त्या संध्याकाळची गोष्ट त्या भागात अजून निघते. न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजमध्ये काही मुलांना शाळेतच रात्र काढावी लागली. तिथले गव्हर्नर फिल मर्फी यांनी खापर अंदाजावर फोडले. इंच-दोन इंचांच्या अंदाजात ‘सहा इंचही होऊ शकतो’ ही शक्यता लहान असेल, पण ती होती, आणि निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर ती कुणी ठळकपणे ठेवली नाही, हे त्या रागातले तथ्य.

याच्या आधी जवळजवळ पाच वर्षे अटलांटा शहर अवघ्या दोन-अडीच इंचांनी कोलमडले होते. २८ जानेवारी २०१४ च्या त्या दुपारी शाळा, कचेऱ्या एकदमच सुटल्या, महामार्ग गोठले, लोक रात्रभर गाड्यांत अडकले, शेकडो मुले शाळांत आणि बसमध्ये राहिली. आदल्या दिवशी चर्चा होती, की बर्फाचा मुख्य पट्टा शहराच्या दक्षिणेला राहील. शहरासाठी बर्फाचा पक्का इशारा आला तो पहाटे साडेतीनच्या सुमारास, तोवर लोकांचा दिवस ठरून गेला होता.

बर्फ पडून गेल्यावरही वाद संपत नाही, हे यातले सर्वांत गमतीचे. मोजायचे साधन म्हणजे पांढऱ्या रंगाची एक फळी. ती उघड्यावर, जमिनीलगत ठेवायची, पट्टीने इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचे, फळी झाडायची आणि बर्फाच्या नव्या पृष्ठभागावर पुन्हा ठेवायची. हे सहा तासांतून एकदाच करायचे. तासातासाला झाडून मोजले तर बर्फ दबत नाही आणि बेरीज फुगते. दिवसाअखेर एकदाच मोजले तर बर्फ स्वतःच्याच वजनाने बसलेला असतो आणि बेरीज आटते. जानेवारी २०१६ च्या महावादळात रेगन विमानतळावर ही फळीच बर्फात हरवली. नोंद झाली १७.८ इंचांची, तर पश्चिमेला डलेस विमानतळावर २९.३ इंचांची. चौकशी बसली. फूटभराच्या बर्फातही मोजमाप असे डगमगते, तर आदल्या रात्री ‘तीन की चार’ यावर हमरीतुमरीवर येण्यात काय हशील?

मग लोकांना सांगायचे तरी काय? उत्तर हवामान सेवेकडेच आहे. युरोपीय केंद्र आणि अमेरिकी सेवा आपापले मॉडेल सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून अनेकवार चालवतात. युरोपीय केंद्रात अशा पन्नासहून अधिक आवृत्त्या असतात. त्यांतून कळते, की चार इंचांपेक्षा जास्त बर्फाची शक्यता किती, काहीच न साचण्याची किती. हवामान सेवा गेल्या दहाएक वर्षांपासून असे नकाशे प्रसिद्धही करते: किमान एवढा, बहुधा एवढा, वाईटात वाईट एवढा. काठावरच्या वादळात हे तिन्ही आकडे एकमेकांपासून लांब जातात, आणि ते लांब आहेत हीच बातमी. वाहिन्यांना ती नको असते. ‘शून्य ते आठ’ ही ओळ पडद्यावर बावळट दिसते. ‘बॉम्ब सायक्लोन’ छान दिसते.

लोकांना टक्केवारी कळत नाही, हा नेहमीचा आक्षेप तितकासा पटणारा नाही. अमेरिकेत पावसाची शक्यता टक्क्यांत सांगायला १९६० च्या दशकात सुरुवात झाली. आज तिथला शाळकरी मुलगाही ‘तीस टक्के’ ऐकून छत्री घ्यायची की नाही ते ठरवतो. मुंबई-ठाण्यालाही हा पेच परका नाही. लाल इशारा, शाळांना सुट्टी आणि दिवसभर लख्ख ऊन, असा एखादा दिवस पावसाळ्यात येतोच. मग कुलाबा वेधशाळेच्या नावाने विनोद फिरतात आणि पुढचा इशारा हलक्यात घेतला जातो. रंग एकच असतो, त्यामागची शंका दिसत नाही.

टक्केवारीने एक अडचण सुटत नाही, हे खरे. शाळा चाळीस टक्के उघडता येत नाही. १३ फेब्रुवारी २०२४ ला न्यूयॉर्कने पाच ते आठ इंचांच्या अंदाजावरून आदल्या दिवशीच शाळा ऑनलाइन केल्या. सकाळी लॉगिनची यंत्रणाच कोसळली, पालक आणि मुले पडद्यापुढे ताटकळत बसली. सेंट्रल पार्कमध्ये साचला ३.२ इंच. त्या शहरात त्याच वर्षीच्या जानेवारीच्या मध्यापर्यंत सलग ७०१ दिवस एकाही दिवशी इंचभर बर्फ पडला नव्हता; २०२२-२३ च्या सबंध हिवाळ्याची बेरीज अवघी २.३ इंच होती. इतक्या कोरड्या उपासानंतर पाच ते आठ हा आकडा पाहून हात शिवशिवणे साहजिकच म्हणायचे.

पण लहान गावांतल्या आणि उपनगरांतल्या शाळांनी यावर एक जुना, न गाजलेला तोडगा काढलेला आहे: दोन तास उशिरा शाळा. शाळाप्रमुख पहाटे चार-साडेचारला गाडी काढून स्वतः रस्ते पाहतात, रस्तेखात्याशी बोलतात आणि साडेपाचच्या आत पालकांना निरोप जातो. उन्हाला आणि मीठ टाकणाऱ्या ट्रकना दोन तास मिळतात. तोवर पाऊस की बर्फ याचा निकालही बहुतेक लागलेला असतो, आणि रस्ता नुसताच ओला निघाला तर दहाच्या आसपास पहिला तास भरतो. पालकांची तक्रार असते, की यात नोकरीवर जायची पंचाईत होते. ती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय शाळेकडे नाही, कचेऱ्यांकडे आहे: काठावरचे वादळ असेल त्या दिवशी कचेऱ्यांनीही दोन तास उशिरा हजेरी मांडावी आणि ते आदल्या संध्याकाळीच सांगून टाकावे.